मूव्ह कुणाची, आणि मोजली कुणी?

दिवाळीत शेवगावला घरी होतो. संध्याकाळी मैदानावर शाळेतली पोरं फुटबॉल खेळत होती. आमच्याकडं हे तसं नवलच, कारण आपला भाग क्रिकेटचा, कबड्डीचा आणि जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याचा. त्यातल्या एकानं चेंडूवरून दोनदा पाय फिरवला, समोरचा पोरगा फसून बाजूला झाला आणि हा ओरडला, "रोनाल्डोची मूव्ह!"

मी उगाच शहाणपणा केला. म्हटलं, ही रोनाल्डोच्या कितीतरी आधीची आहे. १९३० च्या दशकात लॉ ॲडम नावाचा एक डच खेळाडू याच कात्रीसाठी ओळखला जायचा. पोरगा क्षणभर माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "पण दादा, तो यूट्यूबवर आहे का?"

पीएचडीच्या चौथ्या वर्षात मला इतका नेमका प्रश्न आमच्या कमिटीतही कुणी विचारलेला नाही.

'प्रसिद्ध फुटबॉलपटूंच्या सिग्नेचर मूव्ह' या विषयावरचे लेख आणि व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. दहा खेळाडू, दहा मूव्ह, प्रत्येकाच्या नावापुढं एक क्लिप. क्रायफ टर्न, पानेन्का, रॉबेनचं आत वळणं, रोनाल्डिन्होचा इलॅस्टिको, रॉबर्टो कार्लोसची फ्री किक. मला ते आवडतात, रात्री जेवताना बघतो. पण गेल्या महिन्यात एका पेपरचा रिव्ह्यू लिहायला गाइडनी माझ्याकडं दिला होता आणि ती सवय डोक्यात बसली. म्हणून या याद्यांकडं एकदा रिव्ह्यूअरसारखं बघतो. तुमच्यापैकी जे 'पेट' किंवा 'सेट' देऊन सिनॉप्सिस लिहायला बसणार आहेत, त्यांना नेमक्या याच चुका आपल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सापडतील. मला सापडल्या, त्याचं पुढं सांगतो.

पहिला दावा असतो की ही मूव्ह अमक्यानं शोधली. इलॅस्टिको घ्या. पायाच्या बाहेरच्या बाजूनं चेंडू एकीकडं ढकलायचा आणि तो पाय न सोडता लगेच आतल्या बाजूनं दुसरीकडं ओढायचा. आज यादीत तो रोनाल्डिन्होच्या नावावर असतो. जरा जुन्या लोकांना विचारलं तर ते रिव्हेलिनोचं नाव सांगतील, १९७० चा विश्वविजेता ब्राझील संघ. आणि रिव्हेलिनोनं स्वतः सांगितलंय की हे आपण सर्जियो एचिगोकडून शिकलो. एचिगो म्हणजे जपानी वंशाचा ब्राझिलियन खेळाडू, कोरिन्थियन्समधला त्याचा सोबती. म्हणजे मूळ साइटेशन मूव्ह करणाऱ्यानंच दिलेलं आहे, आणि यादी करणाऱ्यांनी ते वाचलेलं नाही.

संख्याशास्त्रात याला स्टिगलरचा नियम म्हणतात. कुठलाही शोध त्याच्या मूळ शोधकाच्या नावानं ओळखला जात नाही, असं स्टीफन स्टिगलरनं १९८० मध्ये मांडलं आणि गंमत म्हणजे या नियमाचं श्रेय त्यानं स्वतः रॉबर्ट मर्टनला दिलं. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर 'पेलचं समीकरण' आहे. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली त्यावर काम केलं, भास्कराचार्यांनी ११५० मध्ये चक्रवाल पद्धतीनं ते सोडवून दाखवलं. या भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. आणि समीकरणाला नाव पेलचं, कारण ऑयलरनं दुसऱ्याच एका इंग्रज गणितज्ञाचं काम चुकून पेलच्या खात्यावर लिहिलं.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी मी माझा पहिला पेपर पाठवला. विषय पातळ फिल्म्सचा आहे, तपशिलात जात नाही. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं की ही पद्धत या पदार्थासाठी 'पहिल्यांदाच' वापरली जात आहे. एका रिव्ह्यूअरनं दोन ओळीत उत्तर दिलं आणि खाली १९८० च्या दशकातल्या एका पेपरचा संदर्भ. तो स्कॅन केलेला होता, त्यातले शब्द सर्चमध्ये येत नव्हते. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. "यूट्यूबवर आहे का?" हा प्रश्न मला लागला तो म्हणूनच. जे सर्चमध्ये येत नाही ते झालंच नाही, असं मी चक्क गृहीत धरलं होतं.

इथं आपल्या कुस्तीतली एक गोष्ट मला फार शहाणी वाटते. डावांची नावं आठवून बघा. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकेरी पट, दुहेरी पट, घिस्सा, मोळी, भारंदाज, निकाल. एकाही डावाच्या नावात माणूस नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा हुकमी डाव ढाक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं डोकं पकडून त्याला जमिनीवर फेकणं. पण आपण 'जाधव डाव' म्हणत नाही, 'खाशाबांची ढाक' म्हणतो. या एका षष्ठी विभक्तीत केवढा फरक आहे बघा. डाव तालमीचा, सगळ्यांचा. त्यावरचा हात खाशाबांचा. शोध आणि प्रभुत्व हे दोन दावे वेगळे राहतात. 'क्रायफ टर्न' म्हटलं की दोन्ही एकात मिसळतात आणि मग भांडण सुरू होतं की त्याच्या आधी हे कुणी केलं होतं का.

(नाव चिकटवण्याचा उलटा प्रकारही आहे. मुंबईकडून खेळलेल्या विनू मंकडनी १३ डिसेंबर १९४७ ला सिडनीत बिल ब्राऊनला चेंडू टाकण्याआधी क्रीज सोडली म्हणून धावबाद केलं. पूर्णपणे नियमात. तरी त्याचं 'मंकडिंग' झालं आणि पुढची सत्तर वर्षं ते शिवीसारखं वापरलं गेलं. सुनील गावसकरांनी या शब्दावर जाहीर आक्षेप घेतला आहे. २०२२ मध्ये एमसीसीनं ही तरतूद 'अनुचित खेळा'च्या नियमातून काढून 'धावबाद'मध्ये टाकली. सिग्नेचर मूव्ह कुणाला मिळते आणि कलंक कुणाला, याचा कधीतरी स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.)

दुसरा दावा न बोलता केलेला असतो, तो म्हणजे मूव्ह प्रभावी होती. इथं मला क्रायफ टर्नच फार आवडतं. १९ जून १९७४, डॉर्टमुंड, नेदरलँड्स विरुद्ध स्वीडन. क्रायफनं क्रॉस मारायचा आव आणला, चेंडू स्वतःच्याच उभ्या पायाच्या मागून आत ओढला आणि वळला. यान ओल्सन भलतीकडंच गेला. ही क्लिप जगानं पाहिली. सामना ० - ० सुटला. त्या मूव्हमधून गोल झाला नाही. ओल्सन तो क्षण पुढंही अभिमानानं सांगायचा. क्रायफनं आत्मचरित्रात म्हटलंय की हे सरावात कधी केलंच नव्हतं, त्या क्षणी सुचलं. म्हणजे जिला आपण 'सिग्नेचर' म्हणतो ती त्या दिवशी एक इम्प्रोव्हायझेशन होती आणि निकालावर तिचा परिणाम शून्य. तरीही ती सुंदर आहे. माझं म्हणणं एवढंच की सुंदर आहे असं म्हणा ना मग, प्रभावी कशाला म्हणता?

पानेन्काची गोष्ट नेमकी उलटी आहे. २० जून १९७६, बेलग्रेड, युरो स्पर्धेची फायनल, चेकोस्लोव्हाकिया विरुद्ध पश्चिम जर्मनी, २ - २. पेनल्टी शूटआउटमध्ये उली होनेसचा फटका गोलपोस्टवरून गेला. मग आंतोनिन पानेन्का आला, धावत येऊन त्यानं चेंडू हळूच मधोमध उचलला. सेप मायर आधीच एका बाजूला झेपावला होता. लोकांना वाटतं हा वेडेपणा होता. पण पानेन्का बोहेमियन्स क्लबमध्ये दोनएक वर्षं सरावानंतर गोलकीपर ह्रुस्काबरोबर पेनल्टीची पैज लावायचा, बिअर आणि चॉकलेटवर. पैज जिंकायची म्हणून विचार करता करता ही युक्ती निघाली, मग ती छोट्या सामन्यांत वापरली, लीगमध्ये वापरली आणि त्यानंतर फायनलमध्ये. हा रीतसर पायलट स्टडी आहे. आपल्यापैकी कितीजण फायनल प्रयोगाआधी एवढं करतात?

मात्र यादीत पानेन्का येते ती झिदान (२००६ ची फायनल, समोर बुफाँ, चेंडू क्रॉसबारला लागून आत) आणि पिर्लो (२०१२, इंग्लंडविरुद्ध) यांच्यासोबत. गॅरी लिनेकर नसतो. मे १९९२ मध्ये ब्राझीलविरुद्ध वेम्बलीवर त्यानं असाच चिप मारला, कीपरनं अडवला. त्याचे तेव्हा इंग्लंडसाठी ४८ गोल होते, बॉबी चार्ल्टनचे ४९. तो ४८ वरच निवृत्त झाला. अग्वेरो नसतो, मे २०२१ मध्ये चेल्सीविरुद्ध त्याचा पानेन्का मेंदीनं आरामात पकडला आणि सिटी तो सामना हरली. अपयशी झालेली तीच मूव्ह 'सिग्नेचर'मध्ये मोजलीच जात नाही. अंश आहे, छेद नाही. १०० पैकी किती, हे माहीत नसताना फक्त यशस्वी क्लिप्स दाखवणं म्हणजे फेल गेलेले सॅम्पल कपाटात ठेवून चांगला आलेला ग्राफ छापणं.

आता छेद मोजणाऱ्यांकडं येऊ, कारण तिथंही सावध राहावं लागतं. मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांचा २००७ चा पेपर बराच गाजला. त्यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या २८६ पेनल्टी पाहिल्या. गोलकीपर ९३.७ टक्के वेळा डावीकडं किंवा उजवीकडं झेपावले, मध्ये उभे राहिले फक्त ६.३ टक्के वेळा. पण अडवण्याचं प्रमाण मध्ये उभं राहिल्यावर ३३.३ टक्के, डावीकडं झेपावल्यावर १४.२ आणि उजवीकडं १२.६. लेखकांचं म्हणणं असं की काहीतरी केलं पाहिजे या दबावामुळं कीपर झेपावतात. उभं राहून गोल खाल्ला तर जास्त वाईट दिसतं. कल्पना सुरेख आहे. सोशल मीडियावर हा पेपर 'गोलकीपरनं मध्येच उभं राहावं' या एका वाक्यात फिरतो.

पण पेन घ्या. २८६ चे ६.३ टक्के म्हणजे १८. आणि १८ चे ३३.३ टक्के म्हणजे ६. अख्खं जग ज्या आकड्यावर बोलतंय तो १८ पैकी ६ आहे. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल मी विल्सनच्या सूत्रानं काढला, तो साधारण १६ ते ५६ टक्के येतो. म्हणजे खालचं टोक झेपावण्याच्या १४ टक्क्यांना जवळजवळ टेकलेलं. लेखकांनी काही लपवलेलं नाही, टक्केवारी त्यांनीच दिली आहे. आपण वाचक टक्केवारीमागची मोजणी बघत नाही. शिवाय उद्या सगळे कीपर मध्ये उभे राहायला लागले तर मारणारे काय मध्येच मारत बसतील? आजचा आकडा आजच्या सवयींवर उभा आहे.

हीच गोष्ट इग्नासियो पालासिओस-उएर्ता यांनी २००३ च्या पेपरमध्ये जास्त नीट पकडली. १४१७ पेनल्टी आणि प्रश्न हा की व्यावसायिक खेळाडू गेम थिअरी सांगते तसं बाजू मिसळून मारतात का? उत्तर बऱ्यापैकी 'हो' आलं. वेगवेगळ्या बाजूंना मारल्यावर यशाचं प्रमाण जवळपास सारखं होतं आणि आधीच्या फटक्यावरून पुढचा ओळखता येत नव्हता. याचा अर्थ काय होतो? पेनल्टीत तरी भारी खेळाडू तो, ज्याची सही ओळखता येत नाही. सिग्नेचर असणं म्हणजे पकडलं जाणं. पानेन्काला १९७६ मध्ये फायदा झाला तो मायरला ही मूव्ह माहीत नव्हती म्हणून. आज कीपरला तिचं नावसुद्धा माहीत आहे.

मग रॉबेनचं काय, असं तुम्ही म्हणाल आणि बरोबर म्हणाल. डावखुरा माणूस उजव्या विंगवर. सगळ्या जगाला माहीत होतं की हा आत वळणार आणि डाव्या पायानं लांबच्या कोपऱ्यात मारणार. तरी तो मारायचा. माझं मत असं की 'काय' माहीत असणं आणि 'केव्हा' माहीत असणं यात त्या वेगात फार अंतर आहे, आणि अधूनमधून तो बाहेरूनही जायचा म्हणून बचावपटूला त्या बाजूचं दार पूर्ण बंद करता येत नव्हतं. पण हे मत आहे, मोजमाप नाही. आणि एक मजेशीर गोष्ट: त्याच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा गोल, २५ मे २०१३ ला वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये ८९ व्या मिनिटाला डॉर्टमुंडविरुद्ध केलेला, यात ती मूव्ह नाहीच. तो मधून घुसला आणि चेंडू हळूच ढकलला. 'रॉबेन सिग्नेचर मूव्ह' शोधाल तर हा गोल तुम्हाला दिसणार नाही, कारण तो लेबलमध्ये बसत नाही.

रॉबर्टो कार्लोसवर थोडक्यात लिहितो, कारण तिथं भौतिकशास्त्र खरंच छान आहे. ३ जून १९९७, लिऑन, फ्रान्सविरुद्ध सुमारे ३५ मीटरवरून मारलेली फ्री किक. बार्थेझ जागचा हललाही नाही. २०१० मध्ये फ्रान्समधल्याच एका गटानं (द्युपो, ल गॉफ, केरे, क्लाने) पाण्यात फिरत्या प्लॅस्टिकच्या गोळ्या सोडून दाखवलं की गोल फिरत्या चेंडूचा मार्ग खरं तर स्पायरल असतो. हवेच्या रोधानं वेग कमी होतो, फिरकी मात्र जवळपास तशीच राहते, म्हणून वळण पुढं पुढं घट्ट होत जातं. जवळून मारलं तर स्पायरलचा फक्त सुरुवातीचा तुकडा दिसतो आणि तो साधा गोलाकार वाटतो. ३५ मीटर अंतर होतं आणि जोर प्रचंड, म्हणून शेवटचं वळण दिसलं. या पेपरनं 'चमत्कार' हा शब्द काढून टाकला आणि गोल अजूनच भारी वाटायला लागला. चांगली समीक्षा असं करते. मात्र हा पेपर सांगतो की असा फटका शक्य कसा आहे. कार्लोसला तो हुकमी यायचा का, हा प्रश्न त्यानं घेतलेलाच नाही. यादीवाले या पेपरचा हवाला देऊन दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात.

छेद ठेवायची सवय खरं तर आपल्या कबड्डीला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार कॅप्टन असताना पुणेरी पलटणनं १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८ - २५ हरवून प्रो कबड्डी जिंकली. त्या लीगचं स्कोअरकार्ड बघा. प्रत्येक चढाई नोंदवलेली असते: यशस्वी, अयशस्वी किंवा रिकामी. रिकाम्या हातानं परत आलेली चढाईसुद्धा! फुटबॉलच्या सिग्नेचर याद्यांत 'रिकामी चढाई' हा रकानाच नाही. पण कबड्डीतही पुढची पायरी राहते. प्रदीप नरवालची डुबकी सगळ्यांना माहीत आहे, पाचव्या सीझनमध्ये त्यानं चढाईचे ३६९ गुण घेतले. त्यातले डुबकीचे किती आणि डुबकी मारायला जाऊन पकडला गेला किती वेळा, हे स्कोअरकार्डवर नसतं. आणि आमच्या हगाम्यात तर शेवटच्या नारळाच्या कुस्तीचा निकाल सोडला तर काहीच लिहिलं जात नाही. कुठल्या पोरानं कुठल्या सालात घिस्सा कसा वेगळा मारला, हे चार म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. लॉ ॲडमची तर निदान आठवण कुणीतरी छापून ठेवली.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, दुसऱ्यांच्या याद्या तपासण्यापेक्षा एकदा स्वतः मोजून बघावं. हॉस्टेलमधला एक मित्र (तो प्राणिशास्त्राचा, माकडांच्या वर्तनाच्या नोंदी घेतो, म्हणजे या कामाला माझ्यापेक्षा लायक) आणि मी, दोघांनी रॉबेनचा एक पूर्ण सामना वेगवेगळा बसून पाहिला. हायलाइट्स नाही, पूर्ण ९० मिनिटं. एकच रकाना: 'आत वळला की नाही'. नंतर तक्ते शेजारी ठेवले तर जुळेनात. तो आत वळतो पण फटका न मारता पास देतो, हे धरायचं? वळायला लागतो आणि फाउल होतो, ते? मधल्या भागातच चेंडू मिळाला आणि डावीकडं सरकला, तर 'आत' म्हणजे कुठून आत? मित्र म्हणाला, आमच्याकडं याला आधी एथोग्राम लिहावा लागतो, कुठल्या हालचालीला काय म्हणायचं याची व्याख्या, आणि मग दोघांची नोंद किती जुळते ते कप्पानं तपासायचं. तुम्ही लोक थेट मोजायला बसता.

तर सध्या व्याख्या लिहिणं चालू आहे. पहिलं वाक्य असं आहे: 'चेंडू ताब्यात असताना, उजव्या टचलाइनपासून...' आणि किती मीटर यावर कालपासून वाद चाललाय.